चावडीला दिलेली मोकळीक

कल्पना करा, द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात, गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये तुम्ही जुन्या कॉम्प्युटरसमोर बसला आहात. बाहेर ट्रेलरवाला हॉर्न देतोय. तुम्हाला एक प्रोग्राम चालवायचा आहे, पण तो या मशीनवर नाही. ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या फोल्डरात आहे. तुम्ही क्लिक करता. प्रोग्राम उघडतो, एक पाऊल टाकतो आणि तिथेच अडकतो. पडद्यावर चौकट येते: परवानगी नाही. प्रोग्राममध्ये काही बिघाड नसतो. मशीनचं म्हणणं एवढंच की हा घरचा नाही, शेजारून आलाय. याला ओट्यापर्यंत येऊ देईन, आतल्या कपाटाला हात लावू देणार नाही.

ती परवानगी आता तुम्ही द्यायची आहे. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. ओळीत फोल्डरचा पत्ता असतो आणि शेवटी त्याला किती मोकळीक द्यायची ते. पत्ता अगदी आतल्या कप्प्यापर्यंत लिहिलात, तर तेवढ्याच कप्प्यातले प्रोग्राम घरचे ठरतात. पत्ता अलीकडेच तोडलात, तर अख्खा फोल्डर घरचा ठरतो. त्यात आज आहे ते, आणि उद्या कुणी आणून टाकेल तेही. दोन ओळींत फरक एका शब्दाचा. तुमच्या खांद्यावरून डोकावणारं तिथे कुणी नसतं.

बतूल मुकादमने ही ओळ इतक्यांदा लिहिली होती की बोटंच ती लिहीत, डोकं दुसरीकडे असे. नव्या मशीनांवर ही भानगड उरलेली नाही, पण त्या यार्डात नवं मशीन फक्त साहेबांच्या केबिनमध्ये होतं. गेटवर, वजनकाट्यावर, शेडमध्ये सगळीकडे जुनी खटारी. परवानगी प्रत्येक मशीनवर वेगळी द्यावी लागे. मग बतूल डोक्यावर हेल्मेट, ओढणीवर चमकदार पट्ट्यांचं जाकीट चढवून, कंटेनरांच्या रांगांमधून एकेका केबिनकडे जायची. क्रेनवाले वरून हात करायचे. आमची कॉम्प्युटरवाली बाय आली, म्हणायचे.

बतूल उरणची. वडील करीमभाई बंदरात कंटेनर मोजणारे क्लार्क होते, आता घरी असतात. ती यार्डात आली तेव्हा फक्त नोंदी टाइप करायची: कंटेनरचा नंबर, ट्रेलरचा नंबर, कुठल्या रांगेत, कितव्या थरावर. तिला वर उचललं ते नंदकुमार सरांनी. कंपनीचं मुख्य ऑफिस ऐरोलीला, काचेच्या इमारतीत. सगळ्या यार्डांचे कॉम्प्युटर सरांच्या हाताखाली. आठवड्यातून एकदा ते द्रोणागिरीला यायचे. एकदा या टायपिंगवाल्या मुलीने त्यांना विचारलं, हा प्रोग्राम माझ्या मशीनवर अडकतो आणि तुमच्या लॅपटॉपवर का नाही अडकत? सर खुर्ची ओढून बसले. वापरलेल्या कागदाच्या पाठीवर एकात एक चौकटी काढल्या आणि घर, ओटा, रस्ता असं करून सगळं समजावलं. चहा आला, गार झाला. त्या दिवसापासून ती त्यांची शिष्या.

काय नाही शिकवलं त्यांनी? आपली नोकरी जपायची कशी, हेसुद्धा. परवानगी देणं हे जोखमीचं काम, ते म्हणायचे. फोनवर कुणी कितीही गळ घातली तरी हात लावायचा नाही. आधी मेल मागायचा. मेल आला की काम, नाहीतर चहा पाजून पाठवून द्यायचं. बतूलने हे इतकं अंगी बाणवलं की यार्डात तिची टिंगल व्हायची. जेवायला येतेस का, असं विचारलं तरी मेल कर म्हणेल, असं लोक बोलायचे. ती सगळ्यांकडे मेल मागायची. एकट्या सरांकडे कधी मागितला नाही. ज्याने नियम शिकवला त्यालाच तो लावायचा म्हणजे तिला उद्धटपणा वाटायचा.

ईदला ती सांदणांचा डबा ऐरोलीला न्यायची. सरांच्या पत्नी सुचिताताई तो रिकामा करून त्यात चकल्या भरून द्यायच्या. यंदा सरांनी तिचं नाव ऐरोलीच्या टीमसाठी पुढे पाठवलं होतं. पत्र्याच्या केबिनमधून काचेच्या इमारतीत. करीमभाईंनी मोहल्ल्यात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी सगळ्यांना माहीत होतं.

आता त्या फोल्डराबद्दल. त्याचं नाव होतं चावडी. जुन्या स्टोअरकीपरने ठेवलेलं. नाव अगदी शोभायचं, कारण यार्डातला प्रत्येक माणूस तिथे काही ना काही आणून टाकायचा: ड्युटीचा तक्ता, पालखीचे फोटो, कुणाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका, कँटीनमधून चप्पल गेल्याची तक्रार चपलेच्या फोटोसकट. याच चावडीत एक आतला कप्पा होता, तिथे कंटेनर नोंदीचा प्रोग्राम. त्या कप्प्यात फक्त बतूल काही ठेवू शकायची आणि मोकळीक तेवढ्याच कप्प्याला होती. बाकी चावडीवर कुणी काहीही टाकलं तरी ते ओट्यावरच राहायचं. ही आखणी सरांनी तिच्याकडून करून घेतली होती, आणि तिला तिचा अभिमान होता.

दर थंडीत यार्डाची क्रिकेट स्पर्धा व्हायची. रिकाम्या कंटेनरांच्या मागे मैदान, हॅलोजन, ट्रॉफी, कॉमेंट्री. यार्डातलं काम थांबायचं नाही, पण सगळ्यांचा जीव मैदानात. स्पर्धेचा कर्ताधर्ता जोतीराम म्हात्रे, यार्डाचा सुपरवायझर. शेजारच्या आगरी गावातला, दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस. बतूल त्याला दादा म्हणायची. त्याचा मुलगा तेजस कॉम्प्युटर शिकला तो बतूलच्याच ओट्यावर, सुट्टीत तिच्या जुन्या लॅपटॉपवर. यंदा तेजसने स्कोअरचा प्रोग्राम लिहिला होता. मैदानात एकाने धावा टाकायच्या आणि गेटवर, काट्यावर, शेडमध्ये बसलेल्यांना आपापल्या मशीनवर दिसायच्या. जोतीरामने तो चावडीवर ठेवला. आणि तो कुठल्याच मशीनवर चालेना.

फायनलच्या आदल्या दुपारी जोतीराम हेल्मेट काखेत मारून तिच्या टेबलाशी आला.

"पोराचा पोग्राम चालत नाय गो बाय. तुजा मशीन त्याला आत घेत नाय."

"त्याला डिस्कवर काहीतरी लिहायचंय, दादा. बाहेरून आलेल्याला मशीन लिहू देत नाही."

"भायेरचा? तेजस? तुज्या ओट्यावर शिकला तो."

"मशीनला ओटा कळत नाही."

जोतीराम हसला, पण हटला नाही. उद्या सगळीकडे स्कोअर दिसेल, असा त्याने यार्डाच्या मोठ्या साहेबांना शब्द दिला होता. बतूल म्हणाली, तेजसला प्रोग्राम घेऊन माझ्याकडे पाठव. मी आत काय आहे ते वाचते, मग तेवढ्या एकाला सूट देते. पण तेजस मैदानावर खांब रोवत होता आणि सकाळी फायनल. शेवटी तिने सरांना मेल टाकला. सगळं व्यवस्थित लिहिलं: काय मागणी आहे, धोका काय, आणि तिचं मत असं की तपासल्याशिवाय देऊ नये. परवानगी आहे का?

थोड्या वेळाने तिचा मोबाईल वाजला. सरच होते. तिचे हात केबलींमध्ये अडकले होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. जोतीराम समोरच उभा.

सर घाईत होते. मेल वाचला म्हणाले. उद्या मालक स्वतः येणार आहेत, स्क्रीनवर स्कोअर दिसलाच पाहिजे; मोठ्या साहेबांचा त्यांनाही फोन येऊन गेला होता.

"एकेक प्रोग्राम तपासत बसू नकोस. अख्ख्या चावडीला मोकळीक देऊन टाक. स्पर्धा झाली की काढून घे."

"सर, अख्खी चावडी?"

"अगं, मी आहे ना."

फोन बंद झाला. जोतीरामने तिच्या पाठीवर थाप मारली आणि कँटीनकडून वडापाव पाठवून दिला. बतूलने ओळ लिहिली. पत्ता अलीकडेच तोडला. मग हेल्मेट घालून ती एकेका केबिनकडे गेली आणि प्रत्येक मशीनवर तीच ओळ लिहीत आली. शेवटच्या केबिनमध्ये धावफलक झळकला तेव्हा गेटवरच्या नामदेवने शिट्टी वाजवली.

सकाळी सगळं झकास चाललं होतं. मालक आले, हारतुरे झाले. उरलेली एक सेमीफायनल संपली, आणि मैदानावर स्कोअर टाकणाऱ्याने नवी मॅच असं लिहिलेलं बटण दाबलं.

तेजसने त्या बटणाला काम दिलं होतं ते साधंच: आधीच्या मॅचच्या फायली पुसायच्या, पाटी कोरी करायची. जिथे जिथे धावफलक उघडा असेल त्या प्रत्येक मशीनवर. फायली ठेवायला त्याने डिस्कवर एक फोल्डर ठरवला होता आणि त्याला नाव दिलं होतं नोंद. हे नाव त्याला का सुचलं? कारण बतूलच्या लॅपटॉपवर त्याने तेच पाहिलं होतं. ती शिकवताना म्हणायची, आमचा यार्डाचा प्रोग्राम बघ, किती नीटनेटका आहे, डिस्कवर एक फोल्डर, नाव नोंद, सगळं त्यात. पोरगं गुरूच्या वळणावर गेलं होतं.

यार्डात नेटवर्कची लाइन वरचेवर जायची. म्हणून गेटवरची मशीनं आपल्या नोंदी स्वतःच्या नोंद फोल्डरात साठवायची आणि पाळी बदलली की एकदम मोठ्या मशीनकडे पाठवायची. पाळी बदलायला अवकाश होता. सकाळपासून आलेला प्रत्येक कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवला, हे फक्त तिथेच होतं.

बटण दाबलं. सगळ्या पाट्या कोऱ्या झाल्या.

आदल्या दिवशी मशीन ज्या कारणाने प्रोग्रामला अडवत होतं ते कारण हेच. ते दारात उभं राहून सांगत होतं, याला कपाटाला हात लावू देऊ नका. बतूलने स्वतःच्या हाताने त्याला बाजूला सारलं होतं.

त्यानंतर यार्डात जे झालं ते बघवत नव्हतं. कंटेनर सगळे जागेवर होते, पण कुठला कुठे हे कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं हातात खडू घेऊन रांगांतून धावत नंबर वाचत होती. खालचा नंबर वाचायला वरचे थर उतरवावे लागत होते. बाहेर ट्रेलरांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली. ज्यांना त्या रात्रीची बोट गाठायची होती असे काही कंटेनर मागे राहिले. फायनल झालीच नाही. ट्रॉफी टेबलावर तशीच, हळदकुंकू लावलेली.

चौकशी तिसऱ्या दिवशी लागली. ऑफिसच्या वरच्या मजल्यावरची खोली, एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. मोठे साहेब, त्यांच्या डावीकडे जोतीराम, समोर बतूल. ऐरोलीहून सर आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ते शेजारी बसले तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तिने ठरवलं होतं की चूक आपली आहे तेवढी आपण कबूल करायची: तपासल्याशिवाय हात लावला, ही चूक. बाकीचं सर सांगतील.

मोठ्या साहेबांनी विचारलं, अख्खा फोल्डर उघडायला कुणी सांगितलं?

बतूलने सरांकडे पाहिलं. सरांनी समोरची फाइल सरळ केली.

"सर, साइटवर परवानग्यांची जबाबदारी बतूल मॅडमची आहे. त्यांचा मेल मला आला होता. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. उत्तर आलं नसताना त्यांनी उघडायला नको होतं."

इतक्या वर्षांत सरांनी तिला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मेल गेला होता. उत्तर आलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, म्हणाली, सरांचा फोन आला होता, दादा समोरच उभा होता. मोठ्या साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, फोन झाला होता, धावफलकाबद्दल बोलणं झालं. अख्खा फोल्डर उघडा असं मी कसं सांगेन? मीच तर त्यांना हे शिकवलं.

मग साहेब जोतीरामकडे वळले. तुम्ही तिथेच होता म्हणे. काय बोलणं झालं?

बतूलला वाटलं, आता सुटले. हा माणूस कुणाच्या बापाला भिणारा नव्हता. जमिनीच्या मोर्च्यात लाठ्या खाल्लेला. जोतीरामने बादलीत पडणाऱ्या थेंबांकडे पाहिलं.

"माना कंप्युटरमदला काय कलत नाय, सायेब. ती काय बोलली, त्यो काय बोलला, ध्यानान नाय."

फोनवरचं बोलणं मराठीत झालं होतं. त्यात कॉम्प्युटरचं असं काय होतं?

घरी करीमभाईंनी विचारलं, तू पुढे गप्प का राहिलीस? खरं म्हणजे ती वाट बघत होती. बैठक संपेपर्यंत, जिना उतरेपर्यंत, सरांच्या गाडीचं दार लागेपर्यंत तिला वाटत होतं की ते मागे वळतील.

नोकरी गेली नाही. साहेबांनी उदारपणे सांगितलं की मुलगी कामाची आहे, पण परवानग्या तिच्याकडे नकोत. तिचं ऐरोलीचं नाव मागे पडलं. तिला पुन्हा गेटवर नोंदी टाइप करायला बसवलं, नामदेवच्या शेजारी. तिच्या लॉगिनला आता फक्त एक प्रोग्राम चालतो. पहिल्याच दिवशी सवयीने तिने ती काळी खिडकी उघडायला घेतली आणि पडद्यावर चौकट आली: परवानगी नाही. नामदेवने न बघितल्यासारखं केलं.

तेजस ऐरोलीला लागला हे तिला मार्चमध्ये कळलं. सरांच्याच टीममध्ये, शिकाऊ म्हणून. तिने कुणावर बोट ठेवलं नाही; पोरगं हुशार होतंच. पण त्याच आठवड्यात जोतीरामच्या घरून, त्याच्या बायकोने, गोजरावहिनींनी, खाडीतल्या निवट्या माशांच्या कालवणाचं पातेलं पाठवलं. दोन घरांत वर्षानुवर्षं पातेली जात-येत होती आणि रिकामं पातेलं कधी परत गेलं नव्हतं. काही नसलं तर निदान मूठभर तांदूळ तरी. बतूलच्या आईने, शमीमने, तांदळाचा डबा काढला. बतूलने पातेलं घासलं, पुसलं आणि तसंच परत पाठवलं. शमीमने डबा पुन्हा फळीवर ठेवला. जोतीराम हल्ली गेटवरून जाताना गाडीची काच वर करतो.

ईदला तिने सांदणं केली, पण ऐरोलीला डबा गेला नाही. सरांचा शुभेच्छांचा मेल आला. फोन नाही, मेल.

परवा ते यार्डात आले. मोठं मशीन बदलायचं होतं. भाड्याची गाडी गेटवर थांबली, मागची काच खाली झाली. सर जरा थकलेले दिसत होते. बतूल खिडकीशी उभी राहिली आणि प्रत्येक पाहुण्याला विचारतात तेच तिने विचारलं: कुणाकडे जायचंय, आणि त्यांच्या ऑफिसचा मेल आलाय का?

ते हसले. "अगं बतूल, मी आहे ना."

मागे दोन ट्रेलर येऊन उभे राहिले. नामदेव गेटच्या आडव्या दांड्याच्या दोरीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता.

"मेल आल्याशिवाय दांडा उचलता येत नाही, सर," ती म्हणाली.

सरांचं हसू तसंच राहिलं, नुसतं चेहऱ्यावर चिकटल्यासारखं. त्यांनी मोबाईल काढला आणि वर कुणाला तरी फोन लावला. थोड्या वेळाने तिच्या पडद्यावर मेल आला. तिने गाडीचा नंबर टाइप केला, नामदेवने दोरी सोडली, दांडा वर गेला. गाडी आत गेली. ट्रेलरवाले हॉर्न देत होते.

जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. मोठ्या साहेबांसमोर ते घाबरले असतील, हे तिला समजतं. नोकरी सगळ्यांनाच प्यारी. त्या खोलीतलं ती एक वेळ विसरेलही. तिला अडतं ते फायनलच्या आदल्या दुपारचं. तिचा मेल सरांसमोर उघडा होता. ते वाचत होते, खाली उत्तराचं बटण होतं, होय एवढाच शब्द लिहायचा होता. आणि एरवी साध्या चौकशीलाही मेलनेच उत्तर देणाऱ्या त्या माणसाने मेल तसाच ठेवून फोन उचलला.

तो घाईत उचलला, सर, की तेव्हाच सगळं ठरवून?